अमिषाताईंची ओटी

दिनानाथ म्हात्र्यांकडे पाहून कुणाला प्रेम आठवलं असेल, असं काही वाटत नाही. दणकट देह, भसाडा आवाज आणि मिशा अशा झुबकेदार, की उरणच्या पोलीस ठाण्यात बदलून आलेला नवा हवालदार गोंधळून आधी यांनाच सलाम ठोकायचा. 'दैनिक किनारवार्ता'चे ते सत्तावीस वर्षं उरणचे बातमीदार. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनर उलटला, मिठागरांच्या जमिनींसाठी मोर्चा निघाला, ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, की दुसऱ्या दिवशी दिनानाथांची बातमी आलीच म्हणून समजा. बातमी खणखणीत आणि कोरडी. ती वाचून कुणी हसल्याचं ऐकिवात नाही.

आणि तिकडे अमिषा! अमिषाच्या विनोदी प्रेमकादंबऱ्या वाचून अख्ख्या किनारपट्टीवरच्या बायका पोट धरून हसत. शिवणयंत्राच्या खणात, पोळपाटाखाली, एसटीची वाट पाहताना मांडीवर, कुठेही बघा, अमिषाचं पुस्तक. 'कंटेनरभर प्रेम' हे तिचं पहिलं, आणि त्यानंतर आणखी दहा. लेखिकेचा फोटो मात्र एकाही पुस्तकावर नाही, आणि नाही हेच बरं, कारण अमिषा म्हणजेच दिनानाथ म्हात्रे.

याला बंदरातले साहेब जबाबदार. पत्रकार परिषद अकराची सांगायची आणि उगवायचं दोनला. बाकीचे पत्रकार तेवढ्यात चहा मारून येत, दिनानाथ मात्र मागच्या बाकावर बसून प्रेसनोटांच्या पाठकोऱ्या बाजूला काहीबाही खरडत. खरडता खरडता एक ट्रान्सपोर्टचा कारकून प्रेमात पडला, मग त्याची फजिती झाली, मग आणखी एक झाली, आणि वर्षभरात कादंबरी तयार. गिरगावातले प्रकाशक वाचून खूश झाले. म्हणाले, "पण नाव बदला. म्हात्र्यांची प्रेमकथा कोण घेणार? बाईचं नाव द्या काहीतरी." फोन आला तेव्हा दिनानाथ बंदराच्या कोंडीत अडकले होते आणि पुढच्या ट्रेलरच्या पाठीवर मालकाने लेकीचं नाव रंगवलं होतं. त्यांनी तेच वाचून सांगितलं. अमिषाचा जन्म असा भर रस्त्यात झाला.

आता त्यांच्या बायकोविषयी सांगायला हवं, कारण तिच्यावाचून ही गोष्ट पुढे सरकत नाही. बायकोचं नाव क्रांती. वडील लाल बावट्याचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीचं नाव दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. बंदराच्या रस्त्यावर तिची खानावळ. दुपारी ड्रायव्हर, क्लीनर, कारकून मिळून साठेक माणसं जेवून जायची, आणि जेवणाइतकीच तिच्या तोंडाची चव घेऊन जायची. कुणी कुरकुरला, "वहिनी, आमटी पातळ हाय," की क्रांती डावातली आमटी न सांडता म्हणायची, "मग पोहून जा की पलीकडं, तिकडं घट्ट मिळंल." सगळी खानावळ हसायची. गल्ल्याशी बसलेले दिनानाथही हसायचे आणि प्रेसनोटेच्या मागे ते वाक्य टिपून घ्यायचे.

अकरा कादंबऱ्यांतल्या अकरा नायिका याच तोंडाने बोलत. नावं वेगळी, गावं वेगळी, बोलणं एकट्या क्रांतीचं. आणि क्रांतीला याचा पत्ताच नव्हता! नवरा अमिषा या नावाने लिहितो एवढं तिला ठाऊक होतं, पण तिने त्यातलं एक पान उघडलं नव्हतं. "दिवसभर तुमचं आयकते, आनि वर वाचू पन?" असं ती म्हणायची, आणि दिनानाथ कधी आग्रह करत नसत. तिने वाचलं तर दुसऱ्याच पानावर ओळखेल, याची त्यांना भीती होती. त्याहून मोठी भीती त्यांनी स्वतःलासुद्धा नीटशी सांगितली नव्हती. क्रांतीचं सगळं काढून घेतलं तर त्या पुस्तकांत दिनानाथ म्हात्र्यांचं असं काही उरतं का? की आपण नुसते टिपून घेणारे?

तर अशी पंधरा वर्षं सुखात गेली आणि जानेवारीत दिवेआगरहून सोनाबाईंचं पत्र आलं.

सोनाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नारळ-सुपारीची वाडी, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या, आणि अमिषाच्या सर्वांत जुन्या वाचक. वादळात वाड्या आडव्या झाल्या, कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा या बाईने दुपारी शाळेच्या वर्गात बायका जमवल्या होत्या आणि अमिषाच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायला लावल्या होत्या. हसण्यासारखं गावात काही उरलं नसताना त्या हसल्या होत्या. ते वाचन मग दर गुरुवारी चालूच राहिलं. आता सोनाबाईंनी लिहिलं होतं, "रथसप्तमीच्या आत आमच्याकडे हळदीकुंकवाला या. दरवर्षी बोलावते आणि दरवर्षी तुम्हाला ताप येतो. यंदा ताप आला तर आम्ही तीसजणी मिनीबस करून तुमच्या पत्त्यावर येतो." पत्ता म्हणजे 'अमिषा, द्वारा म्हात्रे खानावळ'. दिनानाथांना खरोखरच ताप भरल्यासारखं झालं.

खरं सांगून टाकावं तर त्या बायका काय म्हणतील? अमिषाला बहीण मानून त्यांनी नवऱ्यालाही न सांगितलेलं लिहून कळवलं होतं. ते सगळं एका मिशीवाल्याने वाचलं म्हटल्यावर त्या पुस्तक हातात धरणार नाहीत. आणि अमिषा गेली तर दिनानाथांकडे राहतं काय? उलटलेले कंटेनर. मागच्या बाकावरच्या ज्या तीन तासांत त्यांना जिवंत असल्यासारखं वाटायचं, ते तीन तास गेले.

शेवटी ते क्रांतीसमोर उभे राहिले. "एक दिवस अमिषा होशील?"

क्रांती कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली आणि इतकी हसली, की जुडी परातीत सुटून पडली. "मी व्हय? अवो, मला एक पान ठावं न्हाय!"

"मी वाटेत सांगतो सगळं."

"बरं. पन खानावळ दोन दिवस बंद. आनि दुसऱ्या दिवशी मी समुद्राकडं तोंड करून बसनार. कुनासाठी पान वाढनार न्हाय."

पेण, माणगाव, म्हसळा करत गाडी चालली आणि दिनानाथ तोंडाला फेस येईपर्यंत पढवत राहिले. पहिलीतली नायिका शेवंता, दुसरीतली मंदा, तिसरीतली पोस्टात काम करते. क्रांती खिडकीतून पळस बघत होती. "ह्या शेवंताचा नवरा काय करतो म्हनालात?"

"लग्न व्हायचंय अजून! शेवटच्या पानावर होतं!"

"मग एवढी पानं काय करतात?" क्रांतीने विचारलं. दिनानाथ गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायले.

सोनाबाईंचं अंगण शेणाने सारवून रांगोळीने भरलं होतं. जरीकाठाच्या काळ्या साडीतली क्रांती उतरली आणि बायकांनी तिला जवळजवळ उचलूनच माजघरात नेलं. दिनानाथ मागोमाग निघाले, तर सोनाबाईंनी उंबऱ्याशी हात आडवा केला. "ड्रायव्हरदादा, आत बायकाच हायत. तुमी पडवीत बसा हां, सरबत धाडते." म्हणून दिनानाथ म्हात्रे, अकरा कादंबऱ्यांचे लेखक, तीस जोडी चपलांच्या शेजारी कोकम सरबताचा पेला धरून बसले. डोक्यावर माजघराची खिडकी उघडीच होती, तेवढं एक बरं होतं.

आत तिळगूळ वाटून झाला आणि भाविका नावाची एक तरुण मुलगी उठली. सोनाबाईंच्या पाहुण्यांच्या खोल्या तीच सांभाळायची. "ताई, मला पहिलं हे विचारायचंय की तो आमटीचा डायलॉग तुम्हाला सुचला कसा?"

"कुठला आमटीचा?" क्रांतीने विचारलं.

"असं काय! मंदा म्हणते ना, मग पोहून जा की पलीकडं..."

"तिकडं घट्ट मिळंल!" तीस बायका एका सुरात ओरडल्या आणि हसून हसून एकमेकींवर पडल्या.

पडवीत दिनानाथांच्या घशात सरबत अडकलं. आतून क्रांतीचा आवाज आला, "अगं, हे तर मी बोलली व्हती!"

"तुम्हीच तर!" भाविका टाळ्या वाजवत म्हणाली. "दुसरं कोण?"

"न्हाय, म्हंजे खरंच बोलली व्हती. त्या केरळच्या ड्रायव्हरला."

बायकांना वाटलं, ताई किती मोकळेपणाने सांगतात. मग काय, प्रश्नांना ऊत आला. कुणी विचारलं, शेवंताला पटवण्यासाठी मनोहर आठ दिवस लागोपाठ नावडतं वांगं खातो, ते सुचलं कुठून? क्रांती ताडकन म्हणाली, "वांगं न्हवतं, कारलं व्हतं! आनि आठ न्हाय, अकरा दिवस. बाराव्या दिवशी मलाच दया आली, वाटलं हा मेला तर पाप लागंल." कुणी विचारलं, मंदा लग्नाच्या बोलणीत सासऱ्यालाच विचारते, तुमचा मुलगा ताट उचलतो का, हे खरंच कोण विचारील हो? "मी इचारलं," क्रांती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. दिनानाथांनी ते बरोबर ओळखलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या आवाजातला फरक त्यांना पाठ झाला होता. गाडीची चावी खिशात आहे का, ते त्यांनी एकदा चाचपून पाहिलं.

मग कुंकवाची वेळ झाली. भाविकाने तबक उचललं आणि पाहुणीकडे न जाता आधी थेट सोनाबाईंसमोर नेलं. सोनाबाईंना विधवा होऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी कपाळ पुढे केलं, भाविकाने हळद लावली, कुंकू लावलं आणि म्हणाली, "ताई, हे तुमच्या सहाव्या पुस्तकातलं. त्यातली सून नाही का, हळदीकुंकवाला सगळ्या बायका बसलेल्या असताना आपल्या विधवा सासूला पहिलं कुंकू लावते? आम्ही ते वाचलं आणि त्या वर्षापासून इथं पहिला मान सोनाआजीचा. मग ठमाकाकू, त्यांचेही यजमान गेलेत. मग बाकीच्या. आता गावात चार घरी असंच करतात."



ती सून क्रांती होती. सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला उरणच्या घरात बायका जमल्या होत्या आणि दिनानाथांची आई स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून डबे पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती. क्रांती तबक घेऊन आत गेली, सासूचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि सगळ्यांत आधी तिच्या कपाळी बोट टेकवलं. शेजारणी महिनाभर कुजबुजत होत्या. क्रांतीने ते कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही केलंय असं तिला वाटलंही नव्हतं. त्या बायकांखेरीज पाहणारे एकटे दिनानाथ, पेपर हातात धरून जिन्यात उभे. त्या दिवशी त्यांना रडू आलं होतं आणि ते लपवायला ते बातमीचं निमित्त काढून बाहेर पडले होते.

खिडकीत क्रांतीचा चेहरा आला. डोळे भरलेले आणि भुवया चढलेल्या. "अवो," ती म्हणाली, "आत या."

"आत बायका..."

"आत या म्हनते ना!"

दिनानाथ आत गेले. तीस माना वळल्या. क्रांतीने त्यांच्याकडे बोट केलं आणि स्पष्ट सांगितलं, "बायांनो, मी अमिषा न्हाय. मी खानावळवाली. मला यातलं लिवता येत न्हाय आनि मी वाचलंय पन न्हाय. ही तुमची अमिषा. इतका वेळ तुमच्या चपला राखत बसलीय."

कुणीतरी खुदकन हसलं. सोनाबाई हळूहळू उठल्या, दिनानाथांच्या समोर आल्या आणि त्यांच्या मिशांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"माझी पत्रं तू वाचलीस?"

"वाचली," दिनानाथ म्हणाले. भोंग्यासारखा तो आवाज पार खाली गेला होता. "पण एकही पुस्तकात घातलं नाही, सोनाबाई. कुणाचंच नाही. सगळी ट्रंकेत कुलपात आहेत, म्हणाल तर उद्या परत आणून देतो. तुमचा विश्वास बसणार नाही, पण अकरा पुस्तकांत जे आहे ते सगळं माझ्या एकट्याच्या घरातलं आहे."

"आनि उत्तरं कोण द्यायचं?"

"मीच. दर रविवारी बसून."

सोनाबाईंनी त्यावर विचार केला. "पंधरा वर्षांत माझं एक पत्र बिनउत्तराचं राहिलं न्हाय," त्या बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाल्या. "माझा सुजित ठाण्याला हाय, त्याला दोन ओळी लिहायला होत न्हाईत. आता ह्याला मिशी निघाली म्हणून ते सगळं खोटं म्हणू काय? ठमे, नारळ आण. ओटी भरायची हाय."

"आजी, पुरुषाची?" भाविकाने डोळे मोठे केले.

"अमिषाची. बोलावली होती तिला, ती आलीय. धर रे पदर!"

पदर कुठला? दिनानाथांनी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी पुढे पसरला. सोनाबाईंनी त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला, मूठभर सुपारी टाकली, वर खण ठेवला, आणि मागोमाग हसत, एकमेकींना ढकलत बाकीच्या आल्या. विसाव्या नारळाला टॉवेल टराटरा फाटला आणि नारळ माजघरभर गडगडत गेले. बायकांची हसून पुरेवाट झाली. दिनानाथसुद्धा हसायला लागले. वाचक राहिले होते! त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पण क्रांती हसत नव्हती. ती चटईवर पाय दुमडून बसली होती.

"तुमचं मिटलं," ती म्हणाली. "माझं न्हाय मिटलं. अकरा पुस्तकं, आनि मला एका शब्दानं इचारलं न्हाय?"

दिनानाथ नारळांच्या मध्ये गुडघ्यावर बसले.

"बातमीत मी साध्या साक्षीदाराचंही नाव घालतो," ते म्हणाले. "तुझंच घातलं नाही. चुकलो. भीती वाटायची. वाटायचं, तू वाचशील आणि म्हणशील, ह्यात तुमचं काय हाय? आणि मला उत्तर देता येणार नाही." त्यांच्या मिशा हलत होत्या. "आणि दुसरं सांगू? मला तू फार आवडतेस, क्रांती. कारलं खाल्लं तेव्हापासून. तोंडानं सांगायला कधी जमलं नाही, म्हणून लिहीत बसलो. एकदा लिहून पुरलं नाही, तर पुन्हा लिहिलं."

ठमाबाईंनी पदराने नाक पुसलं. भाविका तर उघड उघड रडत होती.

"घरात तोंड न्हवतं?" क्रांती म्हणाली. "तीस बायांच्या समोर सांगायचं सुचलं?" पण तिचा आवाज निवळला होता. तिने हात पुढे केला. "पुस्तक द्या गं कुनीतरी. पहिलं. बघू दे तरी मी काय काय बोलली हाय."

भाविकाने 'कंटेनरभर प्रेम' दिलं. वाचून वाचून त्याचे कोपरे मऊ झाले होते. क्रांती मोठ्याने वाचायला लागली, आणि बायका जिथल्या तिथे बसल्या. पहिल्या पानावर ती म्हणाली, "हे माझं." दुसऱ्यावर म्हणाली, "हे पन माझं." तिसऱ्यावर शेवंताने हिशेबनिसाला झापलं, तेव्हा क्रांतीला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आवरेना, पुस्तक भाविकाच्या हातात देऊन तिने डोळे पुसले आणि पुन्हा घेतलं. असा अर्धा तास गेला. सोनाबाईंनी सांडलेल्या सुपाऱ्या गोळा केल्या. दिनानाथ आपले गुडघ्यावरच होते, उठावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

मग चाळिसाव्या पानावर क्रांती थांबली. तिने पुढची ओळ सावकाश वाचली.

"'बाई रागावली की फार सुंदर दिसते, असं लोक सांगतात. मनोहरला शेवंताच्या रागात फक्त बाहेर जायचं दार दिसे. पण त्या दारातून बाहेर पडून मग जायचं कुठं, हे त्याला जन्मात सुचलं नाही.'"

बायका हसल्या. क्रांतीने बोट ओळीवर ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"हे मी कवा बोललेली न्हाय."

"नाही," दिनानाथ म्हणाले. "ते माझं आहे."

क्रांतीने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात, नुसते ओठ हलवत. खूप वेळ लावला तिने. मग चटईवर जरा सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडून मोकळी केली.

"बरं लिवलंय," ती म्हणाली. "बसा."

आणि तिने पान उलटलं.